ज्याच्या हाती माप

पनवेल,
पौष वद्य चतुर्थी, शके १८७५

चि. काशिराम यास,

थोरल्याकडे द्यायला आशीर्वादाशिवाय दुसरं काही नसतं. तो आधी घे, मग वाटलं तर पत्र फाड. फक्त फाडण्याआधी वाच.

परवा तुझा माणूस माझ्या दुकानात सोडा पिऊन गेला. तुझं नाव त्याने घेतलं नाही. पण बाटलीतली गोळी आत दाबताना "हां, बोल राणी" म्हणणारा माणूस मी जगात एकच बघितलाय, आणि नोकर पगाराआधी मालकाच्या सवयी उचलतो. मग मी त्याच्या पिशवीवरून जरा नाक फिरवलं. वर सुकट, खाली सुकट, आणि मध्ये जे होतं त्याला सुकटीचा वास लागला होता, पण झाकला गेला नव्हता. सरकारी परवान्यावर भांग-गांजा विकण्यात माझी जवानी गेली. दुकान दारूबंदीत बंद झालं, नाक बंद झालेलं नाही. परवाना भिंतीवरून उतरवला तिथे पांढरा चौकोन राहिलाय. त्यावर लेमनच्या कंपनीचं कॅलेंडर लावलंय, तरी कडा दिसतातच.

मोरा बंदरात राहून तू काय विकतोस ते मला विचारायचं नाही. तू सुकी मासळी विकतोस असं सगळ्यांना सांगतोस, तसंच असू दे. मी एक ऐकलेली गोष्ट सांगतो.

मार्गशीर्षात विचुंब्याला हळद होती. नवऱ्या मुलाचा मामा मालू, त्याने भांगेची म्हणून एक गोळी खाल्ली. थोडा वेळ बसला. म्हणाला, "ही काय चडत नाय, दुसरी आना." दुसरी खाल्ली. मग पहिली चढली, आणि तिच्या मागोमाग दुसरी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो स्वतःचे हात बघून रडत होता, "हे माजे नाय, ज्याचे हायत त्याला देऊन या." लोक ही गोष्ट हसत सांगतात, मीही हसलो. पण हसताना माझे कान चालू असतात. मालूला डॉक्टरकडे कोणी नेलं नाही. डॉक्टर विचारील काय खाल्लं, आणि मग फौजदार विचारील कुठून आणलं. म्हणून चिंचेचं पाणी पाजलं, पांघरूण घातलं आणि दार लावून घेतलं. तो वाचला म्हणून ती हसण्याची गोष्ट झाली.

आता महाशिवरात्र येते. आपल्या रोडपालीच्या देवळात भांगेचा हंडा होणार. कायदा आला तेव्हा गावाने ठरवलं की देवाला कायदा लागू नाही, ते तुला माहीत आहे. आणि माप आहे आपल्या मैनाच्या नवऱ्याच्या हातात.

ते माप आठवून तुला अजून राग येत असेल. बाबा गेले तेव्हा ती मापाची करवंटी तुला हवी होती. पंचांपुढे मीच बोललो की विकणाऱ्याने माप धरायचं नाही ही आपली रीत, मी परवान्याचा दुकानदार आणि काशिराम माझ्या गल्ल्यावर बसतो, तेव्हा आम्ही दोघंही बाद. माप जावयाकडे गेलं. तू त्या दिवशी विड्याचं पान न उचलता उठलास तो उठलासच. पण दुसरी रीतही तुला पाठ आहे: ज्याच्या हाती माप, त्याच्या हाती उघाडी. ज्याने भांग मोजली त्यानेच पहिला पेला प्यायचा आणि दुपारच्या उधाणाला बांधावरची उघाडी, खाडीच्या पाण्याचं ते दार, सांभाळायची. पाणी मिठागरात घ्यायचं, खुणेला आलं की फळ्या टाकायच्या. आपले म्हातारे शिकलेले नव्हते, पण मोजणाऱ्यालाच पाण्यापुढे उभा केला की माप आपोआप बेताचं राहतं एवढं त्यांना कळत होतं.

माझं मागणं एवढंच. रोडपालीला माल देऊ नकोस. द्यायचाच तर भांगेचा साधा पाला दे.

तुझा,
तुळशीराम


पनवेल,
माघ शुद्ध षष्ठी

चि. काशिराम यास,

तुझं उत्तर आलं नाही, तुझा माणूस आला. सोडा प्यायला आणि भिंतीला सांगावं तसं म्हणाला, "आमचा शेट बोलला, मी सुकी मासळी विकतो. मासळीत हलकी-भारी काय असते?" मी म्हटलं, "असते. ताजी आणि सडकी." तो हसला. माणूस चांगला आहे तुझा, जपून ठेव.

हलकं-भारी काय असतं ते तुला मी सांगायचं म्हणजे मजाच आहे, माझ्याच दुकानात शिकलास. पण विसरला असशील. सरकारी पाला यायचा तो नुसता पाला. देठ, बिया, धूळ, सगळं त्यात. करवंटीभर घेतला तरी मुठीत हवाच जास्त. तोच पाटा-वरवंट्याखाली जायचा, बडीशेप-मिरीबरोबर वाटला जायचा, आणि हंडाभर दुधात मिळून गावाला एक दिवस हसवायचा. तू जी आणतोस ती गांजाची कळी आहे. चिकट, दाबलेली, बोटाला लागली तर साबणाने जात नाही. तिची करवंटी भरली की त्यात हवेला जागाच नसते.

मी तुला दोष देत नाही. चोरून न्यायचं तर कोणी पाल्याची गोणी खांद्यावर घेऊन फिरणार नाही. पकडायची भीती आली की गाठोडं लहान होतं, आणि गाठोडं लहान झालं की आतला माल जहाल होतो. ताडीचं तेच झालं. ताडी गेली आणि तिच्या जागी हातभट्टी आली. कायद्याने पिणारे कमी झाले असतील, मला ठाऊक नाही. प्यालेला उठेल की नाही, याची खात्री मात्र गेली.

काल मैनाकडे जाऊन आलो. महादेव ओटीवर जाळं शिवत होता. मी म्हटलं, "दाजी, यंदा करवंटी अर्धी भरा."

तो सुई थांबवून बघायला लागला. "अर्दी? देवाचं माप हाय दादूस. तुमी काय सोड्यात पानी घालता तसं घालू?"

"सोड्यात पाणीच असतं."

"मग आमच्या हंड्यात भांग हाय, ती पुरती टाकायची. सासऱ्यानं पुरती टाकली, त्याच्या बापानं पुरती टाकली."

"तेव्हा पाला होता. आता कळी आहे. ती अर्धी टाकली तरी बापाच्या पुरत्याहून जास्त होते."

"करवंटी तीच हाय ना?"

आता या माणसाला काय सांगायचं, काशिराम? करवंटी तीच आहे, हे खरंच आहे.

मैना आतून म्हणाली, "दादूस, त्यांना नको सांगू, मला सांग. मी वाटते ना, मी कमी वाटीन." महादेव म्हणाला, "बघा, घरातच चोर हाय!" आणि तिघंही हसलो. हसत हसत मी टाळांचं विचारलं. आठवतं ना, आपल्याकडे पहिला पेला झाला की एक अख्खं भजन व्हायचं, मग दुसरा. दुसरा हवा असेल त्याने आधी म्हणायचं आणि टाळ कुटायचा. तेवढ्यात पहिल्याचं काय ते कळायचं, आणि निम्मे लोक दुसरा मागायचेच नाहीत. बाबा म्हणायचे, भांग पायरी पायरीने येते, तिच्या आधी धावू नये.

महादेव म्हणाला, "भजन बंद केलंय. टाळ वाजला तर पोलिसाला कळल. आता गप पितो नि गप उठतो."

मला हसू आलं नाही. 

यंदा नको देऊस, काशिराम. दिलास तर पाला दे. पाला मिळत नसेल तर निदान या माणसाबरोबर निरोप पाठव की मिळत नाही, म्हणजे मी दुसरं काहीतरी बघीन.

तुळशीराम


पनवेल,
माघ वद्य सप्तमी

चि. काशिराम यास,

माल पोचला. आपल्या गावच्या गंगाबाईच्या सुकटीच्या टोपलीतून गेला. टोपली माझ्या दारावरून गेली तेव्हा तिने "काय शेट, बरं हाय ना?" असं नेहमीपेक्षा मोठ्याने विचारलं. एवढ्यावरून मला कळलं. कळीच आहे.

असो. तू माझं ऐकलं नाहीस, आता तू माझी अक्कल बघ.

काल मी सरळ चौकीत गेलो. पत्र खाली ठेवलंस ना? उचल, तुझं नाव माझ्या तोंडून आलं नाही, येणारही नाही. फौजदार नवा आहे, घाटावरचा, पोटाचा त्रास आहे त्याला. माझा जिऱ्याचा सोडा रोज त्याच्याकडे जातो. मी म्हटलं, "साहेब, शिवरात्रीला आमच्या गावात भजन करायचं म्हणतात. लोक तुम्हाला घाबरतात."

"भजनाला कशाला घाबरतात? सूर वाईट आहे का?"

"सूर बरा आहे, साहेब. पण देवाचा प्रसाद थोडा हिरवा असतो."

त्याने सोडा संपवला. मग म्हणाला, "तुळशीरामशेट, शिवरात्रीला मला उपास असतो. उपासाच्या दिवशी मला हिरवं-पिवळं दिसत नाही. करू दे भजन. उलट माझ्या नावाचा एक नारळ ठेवा देवापुढे." मी म्हटलं, "द्या ना." तर म्हणाला, "त्या दिवशी पाठवतो."

घरी येताना मी स्वतःवर एवढा खूश होतो की रस्त्यात दोघांना फुकट लेमन पाजलं. महादेवाकडे जाऊन सांगितलं की यंदा टाळ वाजू द्या, मी बघून घेतलंय. एका पेल्यानंतर भजन, पुरतं. अर्ध्या करवंटीचंही तो जवळजवळ कबूल झाला. म्हणाला, "भजन हाय तर बगू. मैना बी रोज तेच सांगते."

एकच बारीकशी गोष्ट. चौकीच्या पायऱ्या उतरताना समोर सोनाबाईचा मुलगा तुकाराम उभा होता, आपल्याच गावचा, म्हैस विकायला आलेला. मी म्हटलं, "काय रे, म्हैस गेली का?" तो म्हणाला, "गेली." आणि निघून गेला. किती मिळाले ते सांगितलं नाही. म्हैस विकून किंमत न सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

आज दुकानात आपल्या गावचे चौघं बसले होते. मी आतून बर्फ घेऊन आलो तर एकदम पाऊसपाण्याचं बोलायला लागले. माघात पाऊसपाणी कसलं?

होईल नीट. तू चिंता करत नसशील, पण केलीस तर म्हणून सांगितलं.

तुळशीराम


पनवेल,
माघ वद्य अमावास्या

काशिराम,

काल शिवरात्र झाली. महादेव सापडला नाही.

सगळं मला दिसलेलं नाही. काही ऐकलं, काही मैनाने सांगितलं. तसंच लिहितो.

दुपार होत आली तेव्हा दुकान लावून न घेताच निघालो. बांधावर आलो की देवळाचा टाळ वाऱ्याबरोबर येतो, लहानपणी आपण तिथूनच पळत सुटायचो. काल वारा तिकडूनच होता. मी थांबलो. कान दिला. मिठागरात कोणी फावडं ओढत होतं ते ऐकू आलं, लांबवर कुत्रं ऐकू आलं. टाळ नव्हता.

तेवढ्यात गावाकडून सायकल आली. शिपाई होता. हातात शेंडीसकट नारळ. म्हणाला, "शेट, साहेबांनी नारळ पाठवला होता. दोन तास बसलो, देवळात माणूसच नाही! हंडा पालथा, पेले लोळतायत आणि सगळी दारं बंद. तुमच्या गावचे लोक देवाला एकटा सोडून कुठे जातात?"

मी पळालो. या वयात पळणं म्हणजे काय ते तुला समजायचं नाही.

तुकारामाने गावात येऊन सांगितलं होतं, तुळशीराम चौकीत बसून हसत होता. झालं. त्यावर भजन राहिलं बाजूला. करवंटी अर्धी भरायचं तुळशीरामच म्हणतो, मग ती पुरतीच भरायची, असं म्हाताऱ्यांनी ठरवलं. मैना कमी वाटायला तयार होती, तर पाट्यापाशी तिच्या सासूला बसवलं. तरी पहिला पेला सगळ्यांनी बेतानेच घेतला म्हणतात. तोवर बांधावर खाकी कपडे दिसले. नारळ कोणाला दिसला नाही. एवढ्या लांबून नारळ दिसत नाही.

देवाचा प्रसाद जमिनीवर ओतता येत नाही, आणि हंड्यात ठेवला तर पुरावा. मग तो प्यायचाच. उभ्याउभ्या, एकामागून एक, पाणी प्यावं तसा. तळाचा राहिलेला मापवाल्याने संपवायचा असतो. महादेवाने संपवला. तोंड पुसलं आणि नेहमीसारखा उघाडीवर गेला. पायात काही फरक नव्हता, सोनाबाई सांगते. अजून चढलीच नव्हती ना.

दुपारी मैना त्याला उपासाची रताळी घेऊन गेली. उधाणाचं पाणी खुणेवर येऊन वर निघालं होतं. फळ्या त्याच्या मांडीवर होत्या, नीट एकावर एक. आत येणाऱ्या पाण्याकडे तो गोठ्यातल्या वासराकडे बघावं तसा बघत होता. मैना ओरडली, "फळ्या टाका!" त्याने हात वर केला, थांब म्हणून. चेहऱ्यावर भीती नव्हती, म्हणाली. ती धावली. ती पोचायच्या आत बांधाला खांड पडली आणि तो कडेचा बांध, ती जागा आणि महादेव, सगळं एकदम गेलं.

ती गावात ओरडत आली तर दारं उघडेनात. ज्यांना ऐकू गेलं त्यांना वाटलं पोलीस बाईला पुढे करून आलेत. बाकीचे आत पडले होते, कोणी हसत, कोणी देवाचं नाव घेत. मी पोचलो तेव्हा ती एकटी दारं बडवत फिरत होती.

शेतांत खारं पाणी शिरलंय. मिठाच्या राशी बसल्या. आज ओहोटीला होड्या घालून शोधतायत.

तुला यावंसं वाटेल. येऊ नकोस इतक्यात.


पनवेल,
फाल्गुन शुद्ध त्रयोदशी

चि. काशिराम यास,

महादेव तिसऱ्या दिवशी सापडला होता, ते तुझ्या माणसाने सांगितलं असेल. त्याचे दिवस झाले. तू आला नाहीस ते बरंच केलंस, फौजदार रोज फेऱ्या घालत होता. त्याने मला बोलावलं. नारळ त्याच्या टेबलावरच होता.

"शेट, तुम्ही म्हणाला होतात प्रसाद थोडा हिरवा असतो. थोडा?"

मी नारळाकडे बघितलं.

"हा माल कुठून आला? पनवेलात टाचणी पडली तर तुम्हाला ऐकू येते म्हणतात."

"वय झालं साहेब. हल्ली कमी ऐकू येतं."

त्याने दौत पुढे ओढली. "मलाही उपासाच्या दिवशी दिसत नाही," म्हणाला. पंचनाम्यात पाय घसरून बुडाला असं लिहिलंय. म्हणजे ज्याने महादेव गेला ते कुठेच लिहिलेलं नाही. आता पुढल्या गावात पुढला मालू दुसरी गोळी मागेल तेव्हा त्याला सांगायला कोणाकडे काही नाही.

मैना माझ्याकडे आहे. गिऱ्हाइकांच्या बाटल्या धुते. कोणी सांगितलेलं नाही, पण धुते. तिने एकदाच विचारलं, "दादूस, कळी कोणी आणली?" मी म्हटलं, ऐकलं नाही. ती म्हणाली, "तुला ऐकू येत नाय असं पैल्यांदाच ऐकते." पुन्हा विचारलं नाही. पण परवा तुझा माणूस सोडा प्यायला आला, गोळी दाबताना "हां, बोल राणी" म्हणाला, तेव्हा तिच्या हातातली बाटली फुटली. ती आपल्याच घरात वाढली आहे, काशिराम. तिलाही कान आहेत.

आता कामाचं.

काल देवळात बैठक झाली. शिपाई कशाला आला होता ते मी सगळ्यांपुढे सांगितलं. कोणी वर बघितलं नाही. मग मापाचा विषय निघाला. हंडा बंद करा असं मी म्हणून बघितलं. म्हातारे म्हणाले, एकदा बुडालं म्हणून होडी जाळतात का? ठीक. मग माप कोणाकडे? महादेवाला मूलबाळ नाही. अशा वेळी मापवाल्याच्या बायकोने नाव घ्यायचं असतं. मैनाला विचारलं. तिने तुझं नाव घेतलं.

ते तिला कोणी सुचवलं, असं तुझ्या मनात येईल. विचारू नकोस.

बैठकीत एकाने शंका काढली, काशिराम विकणारा तर नव्हे? मी उठून सांगितलं की तो आता माझ्या दुकानात नाही आणि माझं ते दुकानही नाही. तो मोऱ्याला सुकी मासळी विकतो, त्याने स्वतः तसं सगळीकडे सांगितलं आहे. मान हलल्या. गंगाबाईने तर सगळ्यांत आधी मान हलवली. एकमताने ठरलं.

तेव्हा तुला जे हवं होतं ते मिळालं. करवंटी मी घासूनपुसून, फडक्यात बांधून ठेवली आहे. बाबांच्या बोटांची जागा तिच्या काठावर अजून गुळगुळीत लागते. पुढल्या शिवरात्रीला मोजणारा तू, पहिला पेला तुझा, तळाचा राहिला तर तोही तुझा, आणि दुपारची उघाडी तुझी. नवा बांध चांगला उंच घालतायत, पण फळ्या माणसालाच टाकाव्या लागतात. माल कोणता येतो, पाला की कळी, याची चौकशी तुला कोणाकडे करावी लागणार नाही. भजन होईल की नाही ते गावावर आहे. टाळ मी माझ्या पैशाने नवे करून दिलेत.

नको म्हणायचं असेल तर पंचांपुढे येऊन सांग, आणि का नको तेही तिथेच सांग. मी पुढच्या रांगेत बसेन, म्हणजे मला नीट ऐकू येईल.

मैनाला विचारलं, काही लिहू का? ती बाटल्या धूत होती. मान न वळवता म्हणाली, "लिव, उघाडीवर चिखल लय असतो. जुनं धोतर घेऊन ये."

तुझा थोरला,
तुळशीराम